एअर रायफलचा बोर आणि तिला मानवणारी पेलेट

दुकानात एअर रायफल बघायला आलेला माणूस आधी ताकद विचारतो, मग किंमत. पेलेटचा, म्हणजे तिच्यात घालायच्या शिशाच्या छोट्या गोळीचा, विषय निघतो तो बिल झाल्यावर, "आणि एक डबी द्या कुठली तरी" असा. महिनाभराने तोच माणूस तक्रार करतो की रायफलचा नेम फिरलाय. बहुतेक वेळा रायफल ठीक असते. तिच्या नळीला ती पेलेट मानवलेली नसते.

हल्ली परदेशातले व्हिडिओ बघून पुण्यातही मोठ्या बोरच्या एअर रायफलबद्दल चौकशी वाढली आहे: 9 मिमी, .45 इंच, .50 इंच. म्हणून आधी बोर म्हणजे काय आणि तो वाढला की काय बदलते ते पाहू. पेलेट निवडण्याचा नियम त्यातूनच कळतो, रायफल लहान असो वा मोठी.

बोर वाढला की काय होते

बोर म्हणजे नळीचा आतला व्यास. हवेने गोळी ढकलली जाते ती नळीच्या तोंडाएवढ्या क्षेत्रफळावर. 4.5 मिमी बोरचे क्षेत्रफळ साधारण 16 चौरस मिमी, तर .45 म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच एअर रायफलींच्या 0.457 इंची, म्हणजे 11.6 मिमी, नळीचे सुमारे 106 चौरस मिमी. दोन्हींत 200 बार (दाबाचे एकक) एवढा दाब सोडला तर पहिल्या गोळीवर साधारण 318 न्यूटन जोर बसतो, दुसरीवर 2,100 न्यूटनच्या वर. व्यास अडीचपट, जोर साडेसहापट.

हा जोर फुकट मिळत नाही. मोठ्या नळीत हवाही तितकीच जास्त जाते. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला नेमबाज पीसीपी म्हणतात. 4.5 मिमीची मॅच, म्हणजे स्पर्धेची, पीसीपी एका भरणीत शंभराहून कितीतरी अधिक बार, म्हणजे गोळ्या, सारख्या वेगाने टाकते. मोठ्या बोरची रायफल तेवढ्याच आकाराच्या टाकीवर मोजके दोन-चार बारच नीट टाकते, मग दाब उतरतो आणि गोळी खाली खाली लागू लागते. हा दोष नाही, तिचा स्वभावच तसा आहे. ज्याला रोज साठ-सत्तर बारांचा सराव करायचा आहे त्याच्या ती उपयोगाची नाही.

मोठा बोर ही नवी गोष्टही नव्हे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने गिरार्डोनी नावाची एअर रायफल 1780 च्या सुमारास वापरात आणली होती. तिचा बोर साडेअकरा मिमीच्या आसपास होता, गोल शिशाच्या गोळ्या नळकांड्यात भरलेल्या असत आणि हवेची टाकी म्हणजेच मागचा दस्ता. ती मागे पडण्याचे एक मोठे कारण आजही तेच आहे: हवा भरायला लागणारा वेळ आणि कष्ट.

पुण्यात काय बाळगता येते

15 जुलै 2016 च्या शस्त्र नियमांनुसार दोन मर्यादा लक्षात ठेवायच्या: बोर 4.5 मिमी, म्हणजे .177 इंच, आणि नळीतून बाहेर पडतानाची ऊर्जा 20 ज्यूल. या दोन्हींच्या आत असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. एकही मर्यादा ओलांडली की परवान्याचा विषय येतो, असे धरूनच चालावे. त्यामुळे 5.5 मिमीचीसुद्धा "एअरगनच तर आहे" म्हणून आणू नये; 9 मिमी आणि .45 ची तर गोष्टच सोडा. परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. निर्णय पुणे शहरात पोलिस आयुक्तालय घेते, पिंपरी-चिंचवडला तिथले आयुक्तालय, आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. परदेशी संकेतस्थळावरून कुरिअरने मागवणे हा मार्ग नाही. शस्त्राच्या आयातीला वेगळा परवाना लागतो.

ऊर्जेचे गणित स्वतः करता येते आणि करावे. वजन किलोत, वेग मीटर प्रति सेकंदात. वेगाचा वर्ग गुणिले वजन, भागिले दोन. 10 मीटरच्या स्पर्धेत वापरली जाणारी 0.53 ग्रॅमची पेलेट 170 मीटर वेगाने सुटते, तेव्हा ऊर्जा भरते सुमारे 7.7 ज्यूल. आता खोक्यावरचा मोठ्या अक्षरातला "1000 एफपीएस", म्हणजे सेकंदाला हजार फूट, घ्या. एक हजार फूट म्हणजे 305 मीटर. तीच 0.53 ग्रॅमची पेलेट खरोखर या वेगाने सुटली, तर ऊर्जा 24.6 ज्यूल होते, म्हणजे मर्यादेबाहेर. मग तो आकडा येतो कुठून? बहुधा 0.35 ग्रॅमच्या आसपासची हलकी, मिश्रधातूची पेलेट घालून. तिची ऊर्जा 16 ज्यूलच भरते. त्यामुळे खोक्यावर वेग लिहिला असेल तर तो कोणत्या वजनाच्या पेलेटने मिळाला, हे विक्रेत्याला विचारावेच. उत्तर मिळाले नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

तुलनेसाठी: 9 मिमीची 5.25 ग्रॅमची पेलेट 270 मीटर वेगाने सुटली तर 190 ज्यूलच्या पुढे जाते, आणि .45 ची 13 ग्रॅमची गोळी 230 मीटरला 340 ज्यूलच्या पुढे. या आकड्यांपुढे बाल्कनी, गच्ची, सोसायटीची कंपाउंड वॉल यांचा विचारही करू नये.

मोठा बोर म्हणजे वरचा दर्जा, असा समज असेल तर तो काढून टाकावा. अभिनव बिंद्रा यांचे 2008 चे बीजिंगमधले सुवर्ण आणि गगन नारंग यांचे 2012 चे लंडनमधले कांस्य, दोन्ही 10 मीटर एअर रायफलची, म्हणजे 4.5 मिमीची. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात मुले शिकायला येतात तीही याच बोरवर.

पेलेटची घडण

नेहमीची पेलेट मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, डमरूसारखी असते. पुढचे डोके भरीव, मागचा भाग पोकळ आणि पातळ. त्याला स्कर्ट म्हणतात. डोके नळीत आतून कोरलेल्या पिळाच्या खाचांवर टेकून गोळी सरळ धरते. स्कर्ट हवेच्या दाबाने किंचित फुलतो, खाचांत रुततो आणि हवा पुढे निसटू देत नाही. बाहेर पडल्यावर हाच स्कर्ट बॅडमिंटनच्या फुलासारखा मागे ओढ धरतो आणि डोके पुढे ठेवतो. म्हणून स्कर्टला साधा पोचा आला तरी नेम जातो.

चपट्या डोक्याची पेलेट, म्हणजे वॅडकटर, कागदात पंच मारल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडते. 10 मीटरच्या निशाण्यावर दहाचा ठिपका अवघा 0.5 मिमीचा असतो, नवाचे वर्तुळ 5.5 मिमीचे. तिथे भोकाची कड कुठे आहे यावर गुण ठरतात, म्हणून हीच वापरायची. पण चपटे डोके हवा ढकलत जाते. साधारण 20-25 मीटरच्या पुढे तिचा भरवसा उरत नाही. त्यापुढे गोल डोक्याची, डोम. टोकदार पेलेट दिसायला जोरदार वाटते, पण टोक अगदी मध्यावर आणणे कारखान्यालाही अवघड जाते, आणि डबीत हिंदकळून तेच टोक आधी वाकते. निशाणेबाजीसाठी ती घेऊच नये. पोकळ टोकाच्या पेलेटचेही कागदावर काही काम नाही.

पोलादी गोल छर्रे पीळ असलेल्या नळीत कधीही घालू नयेत. शिसे मऊ असते, ते खाचांना वाट देते. पोलाद खाचाच खरवडते. शिवाय कठीण पृष्ठभागावरून ते बऱ्याच वेगाने परत येतात, कधी थेट डोळ्यांच्या उंचीला.

वजन आणि डोक्याचा व्यास

डबीवर दोन आकडे असतात. एक वजन, कधी ग्रॅममध्ये, कधी ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. दुसरा डोक्याचा व्यास: 4.49, 4.50, 4.51, 4.52. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय बिघडणार, असे वाटते. बिघडते. डोके सैल असेल तर पेलेट नळीत किंचित तिरकी बसते आणि बाहेर पडताना डुलते. फार घट्ट असेल तर शिसे खरवडले जाते आणि दर बाराला वेग बदलतो. बोटाने बसवताना हलकासा, सारखा विरोध जाणवला पाहिजे. आपोआप आत घसरणारी सैल, अंगठा दुखेपर्यंत दाबावी लागणारी घट्ट.

वजनाबाबत मॅच पीसीपीला 0.53 ग्रॅमच्या आसपासची वॅडकटर बहुधा जुळते. नळी मोडून स्प्रिंग दाबायच्या रायफलीत मात्र वजनाचा परिणाम यंत्रावरही होतो. फार हलकी पेलेट चटकन निघून जाते, समोर हवेची गादी उरत नाही आणि पिस्टन धाडकन आदळतो. रिकामा चाप ओढण्यासारखेच ते. सील आणि स्प्रिंग दोन्ही लवकर जातात. फार जड पेलेट उशिरा हलते, पिस्टन मागे उसळी खातो आणि धक्का वाढतो. अशा रायफलीला 0.50 ते 0.55 ग्रॅमपासून सुरुवात करावी. 0.67 ग्रॅमची जड डोम मर्यादेजवळ चालणाऱ्या पीसीपीसाठी ठीक. 20 ज्यूलच्या आत राहायचे तर तिचा वेग 244 मीटरच्या वर जाता कामा नये.

वेग जास्त तितका नेम चांगला, हेही खरे नाही. पुण्याच्या उन्हाळी दुपारी आवाजाचा वेग सेकंदाला 350 मीटरच्या थोडा पुढे असतो. डमरूच्या आकाराची पेलेट त्याच्या जवळ गेली की तिच्याभोवतीची हवा अस्थिर होते आणि ती भरकटते. 270 मीटरच्या खाली राहणे बरे.

पेलेट एकसारख्या असणे किती महत्त्वाचे, ते एका हिशेबात दिसते. 170 मीटर वेगाची पेलेट 10 मीटर जायला सुमारे 0.06 सेकंद घेते आणि तेवढ्यात जवळपास 18 मिमी खाली येते. वेग फक्त 3 मीटरने कमी झाला तर ती आणखी 0.6 मिमी खाली लागते. 10 मीटरच्या स्पर्धेत गुण दशांशात मोजतात. म्हणजे हात, श्वास, चाप सगळे बिनचूक असूनही गुणाचा काही अंश गेला.

नळीला विचारून निवड

एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन रायफलींनाही वेगवेगळ्या पेलेट मानवतात. त्यामुळे मित्राची शिफारस ही फक्त सुरुवात. चार-पाच प्रकार घ्या. शक्य असेल तर एकाच पेलेटचे 4.50 आणि 4.51 असे दोन व्यासही. क्लबमधल्या चार जणांनी मिळून डब्या वाटून घेतल्या तर खर्च बेताचा होतो.

रायफल टेकूवर ठेवा. वाळूची पिशवी चालेल. स्प्रिंगची रायफल मात्र टेकूवर आवळून धरू नका. पुढचा हात पिशवीवर, रायफल त्या हातावर सैल, म्हणजे तिचा धक्का दर वेळी सारखाच जाईल. पीसीपी असेल तर प्रत्येक प्रकार सुरू करताना टाकीत तेवढाच दाब भरा. निशाण्याला जाड पुठ्ठ्यासारखा कागद लावा. वर्तमानपत्र फाटते आणि भोक मोजता येत नाही.

आता प्रत्येक प्रकारासाठी आधी 10 बार सोडून द्या. आधीच्या पेलेटचे शिसे आणि वंगण नळीत असते. त्यावर नव्या पेलेटचा थर बसेपर्यंतचे बार काही सांगत नाहीत. मग 10 बारांचे तीन ग्रुप, म्हणजे एकाच निशाण्यावरच्या भोकांचे पुंजके. तीन बारांचा सुंदर ग्रुप दाखवून खूश होणारे बरेच असतात, पण तीन बार योगायोगानेही एका भोकात जातात. दहा जात नाहीत. ग्रुपच्या सगळ्यात दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर व्हर्नियरने मोजा आणि त्यातून 4.5 वजा करा. तिन्ही ग्रुपची सरासरी लिहून ठेवा. एका प्रकाराला 40 पेलेट, पाच प्रकारांना 200. एक सकाळ पुरते.

निकाल वाचताना आकाराबरोबर ढंगही बघा. नऊ एकत्र आणि एखादीच लांब गेलेली, असे पुन्हा पुन्हा झाले तर पेलेटमध्येच खोट आहे. चपटे स्कर्ट किंवा वजनातला फरक. ग्रुप उभा लांबला तर वेग कमी-जास्त होतोय. सगळ्याच पेलेटचे ग्रुप सारखेच वाईट आले तर पेलेट बदलत बसू नका. दुर्बिणीच्या माउंटचे आणि लाकडी दस्त्याचे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या रायफलीत ते हटकून ढिले होतात.

जी जिंकली तिच्या डबीवरचा लॉट नंबर टिपून ठेवा. साधारण डबीत 500 पेलेट असतात. परवडत असेल तर त्याच लॉटच्या पाच-सहा डब्या एकदम घ्या. लॉट बदलला की साचा बदललेला असू शकतो आणि चाचणी पुन्हा करावी लागते. 0.01 ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा असेल तर स्पर्धेच्या पेलेट तोलून वेगळ्या काढा. 0.01 ग्रॅमच्या फरकाने भोक साधारण 0.3 मिमी सरकते. रोजच्या सरावाला एवढे करायची गरज नाही. स्कर्ट नजरेखालून घातला तरी पुरे.

मोठ्या बोरची गोळी

परवाना घेऊन मोठ्या बोरची रायफल बाळगणाऱ्याला हाच नियम अधिक कडकपणे लागतो. मोठ्या बोरमध्ये डमरूच्या पेलेटऐवजी बहुधा स्लग वापरतात, म्हणजे भरीव दंडगोल गोळी. तिला स्कर्टची ओढ नाही. ती फक्त गिरकीवर सरळ राहते. दारूच्या बंदुकीत प्रचंड दाब गोळीचे बूड फुगवून नळीत गच्च बसवतो. हवेचा 200 बार दाब तेवढे करू शकत नाही. म्हणून स्लग मुळातच नळीच्या मापाचा असावा लागतो आणि शिसे शुद्ध, मऊ असावे लागते. कठीण मिश्रणाचा स्लग खाचांत रुतत नाही, हवा बाजूने निसटते, वेगही जातो आणि नेमही.

नावावर जाऊ नका. "9 मिमी" म्हणून विकल्या जाणाऱ्या नळ्यांत 0.355 इंचही असते आणि 0.357 इंचही. .45 च्या पिस्तुलाची गोळी 0.452 इंचाची, तर एअर रायफलची नळी बऱ्याचदा 0.457 ची. खरे माप काढायचे तर रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, हवा पूर्ण सोडून, मऊ शिशाचा किंचित मोठा तुकडा लाकडी दांड्याने नळीतून हळू ढकलून बाहेर काढतात आणि त्यावर उमटलेल्या खाचांचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने मोजतात. स्लग त्या मापाचा किंवा केसभर जास्त.

दुसरी गोष्ट लांबी. पीळ किती इंचांत एक फेरा घेतो, त्यावर किती लांब स्लग स्थिर राहील ते ठरते. ग्रीनहिल यांचे 1879 मधले जुने सूत्र अंदाजाला पुरते: व्यासाचा वर्ग गुणिले 150, भागिले लांबी, सगळे इंचात. 0.457 व्यासाचा, 0.65 इंच लांबीचा स्लग साधारण 48 इंचांत एका फेऱ्यावर भागवतो, 0.9 इंच लांबीच्या स्लगला 35 इंचांत एक फेरा हवा. पीळ त्याहून मंद असेल तर स्लग आडवा होऊन कागदाला किल्लीच्या आकाराचे भोक पाडतो. असे भोक दिसले की आखूड, हलका स्लग घ्यायचा.

तेल, हवा आणि पावसाळा

नळीत किंवा पिस्टनमध्ये खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल टाकू नका. हवा एकदम दाबली गेली की तापते, तेलाची वाफ पेट घेते, कट्ट असा मोठा आवाज येतो, सील जळतो आणि ऊर्जा नकळत मर्यादेबाहेर जाते. पीसीपीच्या झडपेजवळ तर खनिज तेल हा थेट स्फोटाचा धोका; तिथे निर्मात्याने सांगितलेले सिलिकॉन वंगणच, तेही थेंबभर. टाकीत फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

जून ते सप्टेंबर हातपंपाने हवा भरणाऱ्यांनी विशेष जपावे. दमट हवा 200 बारपर्यंत दाबली की तिच्यातले पाणी सुटते आणि टाकीत साचते. 40-50 दाबांनंतर थांबून पंपाचा ब्लीड स्क्रू उघडायचा, पाणी बाहेर टाकायचे, पंप गार होऊ द्यायचा. टाकीवरची वैधतेची तारीखही बघावी. स्पर्धेत दहा वर्षांहून जुनी टाकी चालत नाही.

दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते. अशी पेलेट वापरायची नाही आणि ती भुकटी फुंकायचीही नाही. शिशाचे विष असेच पोटात जाते. डबी झाकण घट्ट लावून, सिलिका जेलची पुडी टाकून कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. पेलेट तोंडात धरायची सवय काही जुन्या नेमबाजांना असते, ती मोडावीच. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नये. घरी शिसे वितळवून गोळ्या ओतण्याच्या फंदात पडू नका: त्या धुळीने घरातल्या लहान मुलाचे होणारे नुकसान भरून येत नाही.

निशाण्यामागे 45 अंशांत खाली कललेली पोलादी पाटी असलेली पेटी हवी, म्हणजे पेलेट खाली पडून आतच राहते. सपाट भिंत किंवा दगड नको. कबुतर, कुत्रा, माकड यांच्यावर एअरगन झाडणे कायद्याने गुन्हा आहे, आणि इमारतीतून झाडलेल्या बाराने कोणाचा जीव धोक्यात आला तर भारतीय न्याय संहितेचे कलम 125 लागू शकते. ने-आण कव्हरमध्ये, पेलेट वेगळ्या, सोबत बिल आणि क्लबचे ओळखपत्र. गणेशोत्सवात किंवा निवडणुकीच्या काळात शहरात शस्त्रबंदीचे आदेश निघतात. तेव्हा घराबाहेर काढण्यापूर्वी आपल्या पोलिस ठाण्यात विचारून घ्यावे.